हाय, पाणी येणार नाही

टिपणीस सर वर्गात मेन स्विचजवळ उभे राहतात. हजेरी तिथूनच घेतात, शिकवतात तिथूनच आणि चहाही तिथंच पितात. एखादी मुलगी पुढं येऊन पडद्यावर आपला प्रकल्प दाखवायला लागते, तिच्या आवाजाला जरा धार येते, 'नेक्स्ट स्लाइड' म्हणून होतं, आणि सर मागं न बघता हात वर करून खटका खाली ओढतात. पडदा जातो, पंखे थांबतात, खिडक्यांना काळे पडदे असल्यामुळं वर्गात अंधार होतो. मग त्या अंधारातून सरांचा शांत आवाज येतो, "लाइट गेली. आता पुढं सांगा."

निम्मी मुलं तिथंच गप्प होतात. एकानं हुशारी करून मोबाइलची बॅटरी लावली, तर सर म्हणाले, "तुमचं चार्जिंग संपलंय," आणि तोही खाली बसला. जी मुलं अंधारात बोलत राहतात, हातवारे करून, खडूनं फळ्यावर चाचपडत काहीतरी काढून सांगतात, ती पास. सरांच्या लेखी परीक्षा एवढीच.

आता यातली गोम अशी, की त्यांच्या आणि माझ्या वर्गाची वायर एकच आहे. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते. उत्प्रेक्षा अलंकार ऐन रंगात आलेला असताना माझा पंखा बंद पडायचा आणि मागच्या बाकावरून "टिपणीस" असा एक सुस्कारा यायचा. महिनाभर मी सहन केलं. मग तावातावानं त्यांच्याकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, पंखा बंद पडल्यावर तुम्ही थांबलात?" मी म्हटलं, "मी कशाला थांबू? मी शिकवत राहिले." सर म्हणाले, "मग तुम्ही पास." असा संताप आला मला. त्याच संध्याकाळी कळलं, की नवीन पनवेलात आमच्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर जे नवे गृहस्थ राहायला आलेत, ते हेच. म्हणजे सुटका कुठंच नव्हती.

सर मूळचे पनवेलचेच. इंजिनिअर झाले आणि आफ्रिकेत गेले. तिथं आधी विहिरींवर हातपंप बसवले, मग हातपंप बिघडला की फोनवरून कळवायची सोय केली, मग फोनवरून औषधं, फोनवरून पीकपाणी. टांझानिया, मोझांबिक, मध्ये थोडं नेपाळ. लग्न राहूनच गेलं. मग परत आले आणि आमच्या प्राचार्यांच्या मागं लागून त्यांनी एक वर्षाचा कोर्स सुरू केला. 'आंतरराष्ट्रीय विकासासाठी तंत्रज्ञान.' पाटी लागली त्या दिवशी प्रवेशाला ही गर्दी. सगळ्यांनी पाटीतला 'आंतरराष्ट्रीय' एवढा एकच शब्द वाचला होता. एक पालक तर मुलाचा पासपोर्टच घेऊन आले होते.

पहिल्या तासाला सरांनी सांगितलं, की परदेशात जाऊन लोकांचं भलं करायला शिकवणारा हा कोर्स नाही. परदेशात जाऊन आधी गप्प बसायला शिकवणारा आहे. दुसऱ्या तासाला वर्ग अर्धा झाला.

'आधी गप्प बसा' हे त्यांचं पेटंट वाक्य. त्याचा गृहपाठही असायचा. पनवेलच्या एसटी स्टँडवर जायचं, आपल्याला जायचं नाही अशा गावच्या गाडीच्या रांगेत उभं राहायचं आणि कुणालाही काहीही न सुचवता परत यायचं. मुलांना हे भलतंच जड जायचं. केतन नावाचा एक खांदा कॉलनीतला मुलगा होता, कोडिंगमध्ये वाघ. त्यानं रांगेतल्या एका आजोबांना ऑनलाइन बुकिंगचे फायदे सांगितले. आजोबांनी त्याला पिशवी धरायला दिली आणि ते जे गेले ते गाडी सुटायच्या वेळी आले. सर म्हणाले, "बघ, त्यांना काय हवं होतं ते तुला कळलं तरी."

दुसरं म्हणजे 'लाभार्थी' हा शब्द त्यांच्या वर्गात चालत नाही. जो म्हणेल त्यानं सगळ्यांसाठी खाली जाऊन चहा आणायचा. "लाभार्थी नावाचं माणूस तुम्ही कधी पाहिलंय का?" असं विचारतात. "कुणाची आई बघितलीय? तिला सांगून बघा, की तू लाभार्थी आहेस." एकदा शिक्षण खात्याचे एक साहेब पाहुणे म्हणून आले आणि भाषणात पाच मिनिटं लाभार्थीच लाभार्थी. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. भाषण संपल्यावर सरांनी अतिशय नम्रपणे साहेबांना कँटीनचा रस्ता दाखवला.

माणूस कॉलेजात असा आणि घरी बरा, असंही नाही. सोसायटीत पाहुण्यांच्या नोंदीसाठी ॲप आलं, तेव्हा मीटिंगमध्ये सर उभे राहिले आणि म्हणाले, "लाइट गेली तर?" माझ्या भाच्याच्या साखरपुड्याला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. मुलाकडच्यांनी कौतुकानं सांगितलं, की आमचा रोहन एआयमध्ये आहे. सरांनी बासुंदीची वाटी खाली ठेवून तेच विचारलं. मुलीची आजी खुर्चीतून पुढं सरकून म्हणाली, "हो की रे, खरंच, गेली तर?" आणि कार्यक्रमाची सगळी गाडी तिकडं वळली. बहीण माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हती.

सरांच्या वर्गात प्रणाली होती. रोडपालीची. टॉवरांच्या मागं जे जुनं गाव उरलंय, तिथली. वडील बंदरावरून ट्रेलर चालवतात, घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. घरी ती आणि आई. पण हे सगळं मला फार उशिरा कळलं. त्याआधी तीन वर्षं ती माझ्या मराठीच्या वर्गात होती आणि मी तिला सदाशिव पेठेतली समजत होते, इतकं तिचं बोलणं घासूनपुसून होतं. 'नाही' म्हणताना तर शेवटचा 'ही' असा वाजवायची, की कुणाला वाटावं, नाही म्हणण्यात तिला विशेष आनंद होतोय.

त्या वर्षी मलावीत पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेनं नव्या मुलांसाठी जागा काढल्या. काम सरांच्या जुन्या कामासारखंच: गावाच्या पाण्याची खबर लोकांच्या फोनवर पोचवायची. अट अशी, की उमेदवारानं असलं काहीतरी खऱ्या गावात करून दाखवलेलं असावं. सरांनी प्रणालीचं नाव दिलं. तिला ही नोकरी किती हवी होती, हे तिच्या तोंडावर दिसायचं. ती घरात सगळ्यात पहिली पदवीधर, आणि विमान तिनं बघितलं होतं ते गच्चीवरून. आईनं "मिलाली तर जा" असं सांगून टाकलं होतं. मिळणार नाही, अशी तिची मनातून खात्री असावी.

मग नेऱ्याच्या पुढं, डोंगराखालच्या एका गावात प्रकल्प ठरला. तिथं नळाला पाणी यायचं, पण कधी येईल ते पंप चालवणाऱ्या माणसालाच ठाऊक. बायका हंडे घेऊन तासन् तास नळाशी बसायच्या. केतन आणि प्रणालीनं अशी जुळणी केली, की पंपवाल्यानं एक बटण दाबलं, की गावातल्या सगळ्या फोनवर कॉल जाईल आणि पाणी आहे की नाही ते सांगेल. साधे बटणांचे फोनही चालतील. सरांनी चार वेळा खटका ओढून बघितला. यंत्रणा पक्की होती.

कॉलवर काय बोलायचं, ते मात्र माझ्याकडं आलं. मी लिहून दिलं, "समस्त ग्रामस्थांस सविनय कळविण्यात येते की". सरांनी वाचलं आणि म्हणाले, "बाई, एवढ्यात टाकी भरून वाहून जाईल." मला वाईट वाटलं, पण मुलंही हसली. प्रणाली म्हणाली, जरा फ्रेंडली हवं, आपलं कुणीतरी बोलतंय असं वाटायला हवं. मग तिनं स्वतःच वाक्य तयार केलं आणि आपल्या त्या स्वच्छ, वाजवून बोलायच्या आवाजात रेकॉर्ड केलं. "हाय, पाणी आज येणार नाही. उद्या सकाळी येईल. धन्यवाद." सगळ्यांना आवडलं. मलाही, खोटं कशाला बोलू.

पहिला कॉल गेला त्या सकाळी आम्ही सगळे गाव बघायला गेलो. सर, मी, केतन आणि प्रणाली. पाणी येणार नव्हतं, तसा निरोप गेला होता, त्यामुळं नळापाशी शुकशुकाट असणार आणि प्रणाली त्याचा फोटो काढून मलावीला पाठवणार, असा बेत होता. वळणावरून नळ दिसला आणि प्रणालीनं फोटोसाठी काढलेला फोन खाली केला. अख्खं गाव तिथं. एरवी न येणाऱ्या बायकाही आल्या होत्या. हंडे, कळश्या, पिंपं, एकीनं तर दोन पोरं अंघोळीला आणून उघडी उभी केली होती. नळ कोरडा ठणठणीत.

चांगुणाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिनं पहिल्यांदा आम्हाला पकडलं. "तुमीच फोन केलाव ना?" म्हणाली. "पोरगी चांगली बोलली, हाय पानी. मंग कुटं हाय?"

केतन समजावायला लागला, की आजी, 'येणार नाही' असं सांगितलंय, पुढचं ऐकायचं ना. म्हातारी म्हणाली, पानी हाय म्हटल्यावर पुढचं ऐकत कोण बसतो, हंडा उचलायचा की फोन धरायचा. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. प्रत्येकीनं 'हाय पानी' एवढं ऐकून फोन ठेवला होता.

केतनला अजून कळलं नव्हतं. मला कळायला थोडा वेळ लागला. प्रणालीला मात्र म्हातारीनं तोंड उघडताक्षणी कळलं असणार, कारण ती पांढरीफटक पडली होती. पनवेलपासून उरणपर्यंत गावोगाव 'आहे' असं कुणी म्हणत नाही, 'हाय' म्हणतात. ज्या पोरीच्या घरात जन्मभर 'पानी हाय' असंच बोललं गेलं, तिनंच इंग्रजी 'हाय' घालून गावाला तहानलेलं नळावर आणून उभं केलं होतं. आपली भाषा तिनं इतकी नीट लपवून ठेवली होती, की ऐन वेळी तिची तिलाच सापडली नाही.

तिथं दोन शिव्या बसतील आणि विषय संपेल असं मला वाटत होतं. सर नळाच्या ओट्यावर जाऊन बसले आणि तासभर बायकांचं ऐकत राहिले. एक अक्षर बोलले नाहीत. मग जाताना फक्त प्रणालीला विचारलं, की पाणी आलं की तुमच्या घरी काय म्हणतात.

प्रणालीनं बाजूची रिकामी कळशी सरळ केली. मग म्हणाली, "पानी आयलाय."

"आणि नसलं की?"

"पानी नाय." हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, आता नोकरी गेली. सर म्हणाले, नोकरीचं नंतर बघू, आधी या बायकांचा उद्याचा दिवस वाया जाता कामा नये.

पंपवाल्यानं उद्याही पाणी नाही असं कळवलं होतं, त्यामुळं त्या रात्रीपर्यंत नवा निरोप रेकॉर्ड व्हायला हवा होता. प्रणालीनं गाडीतच स्वतः बोलून बघितलं, पण नाटकात शहरी मुलगी गावची सून होते तसं ते वाजत होतं. तिचं तिलाच हसू आणि रडू यायला लागलं. शेवटी सर म्हणाले, "घरी कोण आहे?" आणि आम्ही सगळे रोडपालीला गेलो.

प्रणालीची आई, सुमनताई, अंगणात बोंबील वाळत घालत होती. लेकीचे सर, बाई आणि एक मुलगा अचानक दारात बघून तिची धांदल उडाली. पाणी आण, चटई टाक, पंखा लाव. सरांना आफ्रिकेतली एक सवय आहे. कुणी घाई करायला लागलं, की ते "पोले पोले" म्हणतात. तिकडच्या भाषेत सावकाश, दमानं. तसं ते म्हणाले, "पोले पोले, ताई." सुमनताई थबकली, "बरं" म्हणाली आणि आत गेली. आम्ही वाट बघतोय. बऱ्याच वेळानं ती ताटभर गरम पोले घेऊन आली, तांदळाचे, जाळीदार, वर सुक्या मासळीची चटणी. आगरी घरात पोले म्हणजे हेच. पाहुण्यानं दारात पाय ठेवताच खायला मागितलं, याचा तिला आनंदच झाला होता. सरांनी चार खाल्ले. परत येताना म्हणाले, उभा जन्म हा शब्द म्हटला, पण तो कामाला आज आला.

रेकॉर्डिंग मात्र सोपं नव्हतं. सुमनताई मशीनशी बोलायला तयार होईना. "समोर कोन नाय आनि बोलू कोनाला?" असं तिचं म्हणणं. मग प्रणाली शेजारीण होऊन समोर कळशी घेऊन उभी राहिली. तिच्याकडं बघून सुमनताई म्हणाली, "आज पानी नाय गो. हंडा नको नेव. उद्या सकाली येल. जेवलाव का?"

ते शेवटचं 'जेवलाव का' केतन कापायला निघाला होता. सरांनी त्याचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी नळापाशी चिटपाखरू नव्हतं. आम्ही गावात शिरलो तर बायका ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. सगळ्यांनी कॉल शेवटपर्यंत ऐकला होता. बऱ्याच जणींनी "जेवलो" असं उत्तरही दिलं होतं. चांगुणाबाईला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ही फोनवरची बाई कुणाच्या घरातली, कारण आवाजावरून ती तिच्या माहेरची वाटत होती. फोटो काढून प्रणाली नळाच्या ओट्यावर बसली आणि तिनं असा श्वास सोडला, की माझीही छाती हलकी झाली.

मुलाखतीच्या दिवशी मी सरांचं एक वेगळं रूप पाहिलं. मुलाखत कॉलेजातूनच, पडद्यावर होणार होती. आयुष्यभर दुसऱ्यांची लाइट घालवणारा हा माणूस आदल्या दिवशी वीज मंडळाच्या ऑफिसात जाऊन बसला आणि "उद्या दुपारी तेवढं आमच्या भागात काही काढू नका" म्हणून तिथल्या साहेबांची मनधरणी करून आला. मुलाखत चालू असताना सर मेन स्विचला पाठ लावून उभे होते, दोन्ही हात मागं. शिपाई पंखा लावायला आला तर त्याला डोळ्यांनीच परत पाठवलं. घामानं शर्ट भिजला होता. मी दाराबाहेरून बघत होते आणि मलाही घाम फुटला होता.

पडद्यावर दोघं होते. एक गोरे गृहस्थ आणि मलावीच्याच एक बाई. बाईंनी विचारलं, तुमच्या कामात काय बिघडलं होतं? मला वाटलं, संपलं. प्रणालीनं सरांकडं पाहिलं नाही. तिनं सरळ 'हाय'ची गोष्ट सांगितली. माझी आई कशी बोलते, मी कशी बोलते आणि त्या दोन बोलण्यांत गावाचे हंडे कसे अडकले, ते सगळं सांगितलं. मग आईचा आवाज ऐकवला आणि त्याचा अर्थ सांगितला. मलावीच्या बाई इतक्या हसल्या, की त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाल्या, माझीही आई प्रत्येक फोनवर आधी जेवण विचारते.

काही दिवसांनी होकार आला. प्रणालीनं धावत येऊन आधी माझ्या वर्गाचं दार उघडलं, चुकून. मी खडू टाकून तिला मिठी मारली. त्या दिवशी जो आनंद झाला तो स्वतःला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

राहता राहिली सुमनताई. ती नाही म्हणाली नाही, शब्दाला जागली. फक्त बोलणं कमी केलं आणि घरात जेवढे डबे होते तेवढ्यांत सुकं भरायला घेतलं. निघायच्या दिवशी लेकीला म्हणाली, "जा. पन मना तोंड दावत जा." सर विमानतळावर आले होते. पोरगी पाया पडली, तर तिला उठवून त्यांनी एक नियम सांगितला: दिवाळीपर्यंत मला फोन करायचा नाही. अडचण आली तर तिथल्या माणसांना विचारायचं. प्रणालीचा चेहरा एवढासा झाला. परत येताना गाडीत मी सरांना चांगलंच सुनावलं. इतकं कोरडं असू नये माणसानं, असंही म्हणाले. ते म्हणाले, मला फोन केला की ती तिथल्या कुणाशी बोलणार नाही, मग तिथं माणसं कशी जोडणार. हे पटण्यासारखं होतं, म्हणून मला आणखीच राग आला.

गणपती होऊन गेल्यावर एका रविवारी मी कळंबोलीला एका नातेवाइकांकडं गेले होते. वाटेत रोडपाली, म्हणून सुमनताईकडं डोकावले. दारात सरांच्या चपला. आत सर चटईवर मांडी घालून बसले होते आणि समोर रिकामं ताट होतं. मला बघून शाळा बुडवलेल्या पोरासारखे दचकले.

सुमनताई म्हणाली, ते दर रविवारी येतात. आधीच्या वर्षी त्यांचा एक विद्यार्थी नेपाळला गेला, त्याच्या आईबापाकडं शिरढोणलाही जातात. गॅस संपला का बघतात, फोनमध्ये पैसे टाकून देतात. मी सरांकडं बघितलं. एवढी वर्षं माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहून या माणसानं मला हे कळू दिलं नव्हतं. मी विचारलं, की फोन नको म्हणून पोरीला रडवलंत आणि स्वतः इथं येऊन बसता, हे काय?

सर ताटात बोटानं रेघा ओढत राहिले. मग म्हणाले, "बाई, मी तिकडं असताना इथं आई एकटी होती. व्हिडिओ कॉल आले तेव्हा मी हौसेनं तिला फोन घेऊन पाठवला. तिला तो धरता यायचा नाही. पडद्यावर मला नुसतं तिचं कपाळ दिसायचं. आई, खाली कर, म्हटलं की पंखा दिसायचा, मग परत कपाळ. मी म्हणायचो, असू दे, पुढच्या वेळी. वर्षानुवर्षं मी आईचं कपाळच बघत होतो. शेवटचा फोन झाला तेव्हाही कपाळच. सबंध जगाला फोन वापरायला शिकवत फिरलो, आणि इथं तेवढा धरून द्यायला कुणी नव्हतं."

मी त्यांच्यासमोरचं ताट उचलून आत नेऊन ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुमनताई लगबगीनं भिंतीशी जाऊन बसली, पदर सारखा केला. सर तिच्यासमोर उकिडवे बसले, फोन तिच्या तोंडासमोर बरोबर अंतरावर धरला आणि स्वतः बाजूला झुकले, म्हणजे त्यांचा कानसुद्धा पडद्यात येऊ नये. मला हातानं खूण केली, तशी मीही दाराआड झाले. प्रणालीचा आवाज खणखणीत येत होता. तिकडच्या एका बाईनं तिला त्यांच्यात धाकट्या बहिणीला जे म्हणतात ते नाव ठेवलं होतं. मासळी मिळते, पण काटे फार. कामावर पहिला आठवडाभर ती कुणाशी काही न बोलता नुसती विहिरीवर बसून होती आणि आता बायका आपणहून येऊन सांगतात. आवाजात भीती अशी कुठं नव्हती. सर डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसत होती, ती मी कुठल्याही परीक्षेच्या निकालाला पाहिली नव्हती. सुमनताई लेकीचं तोंड बघत होती आणि लेक आईचं. अख्खं.

बोलता बोलता प्रणाली थांबली.

"आये, फोन कोनी धरलाय गो?"

सुमनताईनं सरांकडं बघितलं. सरांनी जोरात मान हलवली.

"कोनी नाय," ती म्हणाली. "भिंतीला टेकवलाय."

"मंग भिंत हलते कशी?"

सरांचा हात खरंच थरथरत होता. बराच वेळ तसा धरून अवघडला असणार, शिवाय वयही झालंय.

"जुनी हाय ना, बाय," सुमनताई म्हणाली.

मग प्रणालीचा आवाज आला, मगासच्यापेक्षा हळू.

"बरं. भिंतीला बोल, जेवून जा."

सरांनी दुसरा हातही फोनला लावला.